दोघांची हवा

सिरोंच्याला बेगमचे माहेर, आणि सासू अंथरुणाला खिळलेल्या. तेव्हा बुलेट काढली की आम्ही आधी हवा मोजतो, तीही पहाटे, टायर थंड असताना. आमच्या क्लासिक 350 चे वजन 195 किलो. त्यावर आम्ही दोघे आणि पिशव्या. पुढे 32 पौंड पुरतात; मागे एकट्याला 32, दोघांना 36. चौकातले पंक्चरवाले चाचा सरसकट तीस भरतात! मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो. दुपारी हवा वाढलेली दिसते, पण ती सोडायची नाही.

आमची चाके तारांची, म्हणजे ट्यूब आली. खिळा घुसला की ती झटकन बसते; ट्यूबलेस निदान वस्तीपर्यंत नेते. आलापल्लीनंतर सागवानाच्या जंगलात दुकान कुठे? म्हणून जादा ट्यूब, पाने, पायपंप सोबत. पंप बेगम मारते.