यादीत नसलेलं

२८ जून २०२३. विशाखापट्टणमच्या धक्क्यावरून दोर सुटले तेव्हा शेजारचा पोरगा हळूच म्हणाला, "चीफ, येताना हिच्यातून यायचं नाही." मला उत्तर सुचलं नाही. आयएनएस कृपाण व्हिएतनामला द्यायला आम्ही निघालो होतो. चालती, शस्त्रांसकट. चालू कामातली कॉर्व्हेट, म्हणजे लहान युद्धनौका, भारताने मित्रदेशाला भेट देण्याची ही पहिलीच वेळ.

मी इंजिनरूमचा माणूस. कोलकात्यात बांधलेली कृपाण १२ जानेवारी १९९१ ला नौदलात आली. माझ्या हाताखालची बरीच पोरं तिच्याहून धाकटी. तिच्या दोन डिझेल इंजिनांचे आवाज मला झोपेतही वेगवेगळे ओळखू येत.

८ जुलैला व्हिएतनामचं कॅम रान्ह बंदर गाठलं. ताबा २२ ला द्यायचा होता. सुटे भाग, पुस्तकं, चाव्या सगळं यादीप्रमाणे मोजून दिलं, सह्या झाल्या. वेळ गेला तो यादीत न बसणाऱ्या गोष्टींत. डाव्या इंजिनाचा एक पंप गार असताना कुरकुरतो आणि दहा मिनिटांत आपोआप गप्प होतो, त्याला उगाच उघडायचं नाही. हे दुभाष्यामार्फत सांगून पाहिलं, जमेना. मग लांब पेचकसाचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि तसाच तो समोरच्या व्हिएतनामी नाविकाच्या हातात दिला. माझ्या मुलाच्या वयाचा असेल. त्याने डोळे मिटले. घामाने निथळत आम्ही दोघं उभे. कुरकुर थांबली तसे त्याने डोळे उघडले आणि बोटाने हवेत सरळ रेघ ओढली. त्याला कळलं होतं. त्यानंतर तो रोज मलाच शोधत यायचा.

बत्तीस वर्षं वापरलेलं जहाज देण्यात काय मोठेपणा, असं गावाकडे मला विचारतात. दक्षिण चिनी समुद्राच्या काठावर राहणाऱ्यांना गस्तीसाठी एक जहाज जास्त असणं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. आणि आपली पहिली विक्रांत तरी कुठून आली होती? महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी अर्धवट सोडलेलं जहाज १९५७ मध्ये आपण विकत घेतलं, ते १९७१ मध्ये लढलं. त्याच विक्रांतचे मुंबईत दारूखान्याला तुकडे होताना मी पाहिलेत. जळलेल्या रंगाचा तो वास जात नाही. कृपाणच्या नशिबी ते आलं नाही, याचा मला फार आनंद आहे.

२२ जुलैला नौदलप्रमुख अॅडमिरल आर. हरि कुमार यांच्यासमोर तिरंगा उतरला, पाठोपाठ नौदलाचं निशाण. शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन असलेलं हे निशाण सप्टेंबर २०२२ मधलं, कृपाणवर वर्षभरसुद्धा फडकलं नाही. सलाम ठोकताना माझा हात थरथरत होता.

संध्याकाळी सामान भरताना पेचकस सापडेना. मग आठवलं, तो त्या पोराकडेच राहिला होता. मागायला गेलो नाही.