लोणारच्या काठावर प्रश्नमंजूषा

मुलांनो, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. महाराष्ट्रात जिल्हे किती?

"छत्तीस!" असं तुम्ही एका दमात सांगाल. शाबास! आता हाच प्रश्न आजोबांना विचारा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हा जिल्हे होते २६. पुढे मोठ्या जिल्ह्यांचे तुकडे पडत गेले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर संख्या ३६ वर पोचली. म्हणजे आजोबांनी पेपरात २६ लिहून गुण मिळवले असतील आणि आज तेच लिहिलंत, तर तुम्हाला भोपळा मिळेल! आहे की नाही गंमत?

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत हे 'कधीपासून' आणि 'कशावरून' सहसा नसतं. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, मध्ये एक रेघ. मुलं ते घडाघडा पाठ करतात. पाठांतराला माझा विरोध नाही बरं का! पाढे पाठच हवेत. पण आमच्या जालना जिल्ह्यातल्या शाळेची सहावी-सातवीची सहल लोणारला न्यायची ठरली, तेव्हा म्हटलं, प्रश्नमंजूषा वर्गात न घेता वाटेत आणि सरोवराच्या काठावर घेऊ या. पुस्तकं घरी. दोन गट पाडले, सह्याद्री आणि सातपुडा. नियम सोपा. बरोबर उत्तराला एक गुण. मग समोरच्या गटानं विचारायचं, "कशावरून?" तेही सांगता आलं, तर आणखी एक गुण.

पहिला प्रश्न एस.टी.त बसल्याबसल्याच टाकला. महाराष्ट्रातली पहिली एस.टी. कधी आणि कुठून कुठे धावली? सह्याद्री गटानं सांगितलं, "१ जून १९४८, पुणे ते अहमदनगर." बरोबर! लगेच सातपुड्यातून आवाज आला, "बाई, त्या गावाचं नाव आता अहिल्यानगर आहे!" तेही बरोबर. मग गुण कुणाचा? मी दोघांनाही दिला. आणि "कशावरून?" असं विचारल्यावर उत्तर आलं ते थेट गाडी चालवणाऱ्या काकांकडून. ते म्हणाले, "अहो, दर १ जूनला आम्ही एस.टी.चा वाढदिवस साजरा करतो की!" त्यांचा गुण कुठल्या गटात धरायचा, यावरून पुढचे दोन थांबे वादावादी चालली होती.

वाटेत सिंदखेड राजा लागतं. इथला प्रश्न तुम्हाला सगळ्यांना येतो. लखुजी जाधवरावांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. वाड्याचा भव्य दरवाजा पाहून आम्ही पुढे निघालो. सुलतानपूरवरून गाडी वळली की लोणार आलंच.

आता नीट ऐका. लोणार गाव बुलढाणा जिल्ह्यात आहे. आजूबाजूला शेतं, माळ, चारचौघांसारखा सपाट मुलूख. तुम्ही चालत चालत एका कडेला येता आणि पायाखालची जमीन संपते! समोर एक प्रचंड गोल वाडगा. तोंडाची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली दीडशे मीटरच्या आसपास. आत चहूबाजूंनी उतारावर झाडी आणि तळाशी हिरवट पाण्याचं गोल तळं. बसमध्ये ज्यांचं तोंड क्षणभर बंद नव्हतं, ती पोरंसुद्धा गप्प झाली.

काठावरचा प्रश्न होता, "हा खड्डा कुणी केला?"

"उल्केनं!" दोन्ही गट ओरडले. "कशावरून?" आता मात्र सामसूम. फळ्यावर लिहिलेलं होतं, पुस्तकात होतं, यापलीकडे कुणालाच जाता येईना. आणि मुलांनो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मोठमोठ्या माणसांनाही हे कोडं सुटायला दीडशे वर्षं लागली. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं हे तळं पाहिलं आणि जगाला कळवलं. पुढे बराच काळ अभ्यासक म्हणत राहिले, की हे ज्वालामुखीचं तोंड असणार. त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं हं! आपलं दख्खनचं पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासूनच तर झालंय. काळा कातळ, म्हणजे बसाल्ट, पाहिला की ज्वालामुखी आठवणारच.

मग उत्तर कसं सापडलं? त्यासाठी आम्ही एक खेळ केला. घरून एक परात आणि सेरभर पीठ आणलं होतं. पीठ सपाट केलं, वर हळदीची पातळ चादर पसरली आणि छातीच्या उंचीवरून एक गोटी टाकली. बघा काय झालं! गोल खड्डा पडला, काठ वर उचलले गेले आणि आतलं पांढरं पीठ पिवळ्या हळदीवर बाहेर उडालं. आता मान वर करून लोणारचा काठ पाहा. आसपासच्या माळापेक्षा तो थोडा उंच आहे. इथल्या कातळाचे थर एरवी पुस्तकं रचावीत तसे आडवे असतात, ते काठापाशी वर उचलून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. सह्याद्री गटातल्या एकीनं ते बोटानं दाखवलं आणि "कशावरून"चा गुण पटकावला.

एवढ्यानं शास्त्रज्ञांचं समाधान होत नाही म्हणा. भारतीय आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी इथल्या खडकांचे नमुने तपासले. त्यांत मास्केलिनाइट नावाची एक काच सापडली. खडकातल्या एका खनिजावर कल्पनेपलीकडचा दणका बसला, तरच त्याची अशी काच होते. ज्वालामुखी कितीही तापला तरी असा दणका देऊ शकत नाही. १९७३ साली हा पुरावा प्रसिद्ध झाला आणि उल्केची बाजू पक्की झाली. चंद्रावर बसाल्टचे विस्तीर्ण प्रदेश आहेत आणि तिथे अशी विवरं खूप आहेत. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. चंद्रावर जाण्यापेक्षा बुलढाण्याला येणं स्वस्त पडतं!

यानंतरच्या प्रश्नानं मात्र भांडण लावलं. "हे विवर किती वर्षांपूर्वी झालं?"

सातपुड्यातल्या एका मुलानं ताडकन उठून सांगितलं, "५२ हजार वर्षांपूर्वी." त्याची शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी चालली होती, आकडा तोंडपाठ होता. सह्याद्रीतल्या मुलीनं मान हलवली. "चूक. पाच लाख सत्तर हजार." तिच्या काकांनी जपून ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या कात्रणात तिनं ते वाचलं होतं. झालं! एवढा मोठा फरक! दोघंही माझ्याकडे पाहायला लागले.

खरी गोष्ट अशी आहे. उल्का आदळली तेव्हा खडक वितळला आणि त्याची काच झाली. त्या क्षणी खडकातलं घड्याळ जणू शून्यावर आलं. ते घड्याळ वाचायच्या रीती अनेक आहेत. एका रीतीत ती काच पुन्हा तापवतात. इतक्या वर्षांत तिच्यात साठलेली ऊर्जा मंद प्रकाश होऊन बाहेर पडते, तो प्रकाश मोजतात. त्यावरून १९९७ साली ५२ हजार हा आकडा मिळाला. दुसऱ्या रीतीत खडकातल्या पोटॅशियमपासून अगदी सावकाश तयार होणारा अरगॉन वायू मोजतात. त्यावरून २०११ साली सुमारे ५ लाख ७० हजार हा आकडा मिळाला. ही दुसरी मोजणी आता अधिक भरवशाची मानली जाते. पण ५२ हजार छापलेली पुस्तकं अजून दुकानात आहेत, घराघरांत आहेत.

त्या मुलाचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, "बाई, मग परीक्षेत काय लिहायचं? तिथे तर गोलच रंगवायचा असतो."

तुम्हीच सांगा, काय सांगणार होते मी? गोलाशेजारी 'कशावरून' लिहायला जागा नसते. मी त्याला म्हटलं, पर्यायांत दोन्ही आकडे असतील तर नवा निवड, एकच असेल तर तो रंगव, आणि निकाल चुकीचा वाटला तर आपण दोघं मिळून परीक्षा घेणाऱ्यांना पत्र लिहू. त्याचं पूर्ण समाधान झालं नाही. खरं सांगू, माझंही झालं नाही. गुण मात्र मी दोन्ही गटांना दिला. आकडा कुठून आला ते दोघांनाही ठाऊक होतं, एकाला पुस्तकाचं पान आणि दुसरीला कात्रण.

असाच आणखी एक चकवा सांगते. 'भारतातलं एकमेव उल्काविवर कोणतं?' हा प्रश्न अजून छापला जातो. आता मध्य प्रदेशातलं ढाला आणि राजस्थानातलं रामगढ ही विवरंही मान्य झाली आहेत. तेव्हा 'एकमेव' शब्द दिसला की जरा सावध!

गोमुखापाशी बारमाही झरा वाहतो. त्याला इथे 'धार' म्हणतात. तिथलं पाणी गोडं. तिथून वाटाड्याबरोबर आम्ही खाली उतरलो. झाडीत माकडं होती, मोर ओरडत होते. हे अभयारण्य असल्यामुळे दगड काय, पानसुद्धा उचलायचं नाही अशी सक्त ताकीद होती. तळ्याजवळ येताच नाकाला उग्र वास झोंबला. आता प्रश्न असा, की वरून गोडं पाणी पडतं आणि तळं खारट कसं? घरी पाणी तापवायच्या पातेल्यात पांढरा थर बसलेला पाहिलाय ना? पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. या तळ्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाटच नाही. उन्हानं पाणी उडतं, क्षार तिथेच साठतात. हजारो वर्षं हेच चाललंय.

हे पाणी नुसतं खारट नाही, साबणासारखं अल्कधर्मी आहे. ते कसं ओळखायचं? त्यासाठी हळद लावून वाळवलेले कागदाचे तुकडे आम्ही नेले होते. काठावर एकच थेंब टाकला आणि पिवळा कागद लालसर झाला! सदऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि आईनं साबण लावला की तो लाल होतो, ते हेच. हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणामुळे. 'ऐन-ए-अकबरी' या अबुल फजलच्या ग्रंथात साबण आणि काच करायला लागणारा माल इथे मिळतो अशी नोंद आहे. तो मोगल दरबारचा इतिहासकार. त्याला हळदीचा कागद लागला नाही!

आणि जून २०२० मध्ये काय झालं आठवतंय? लॉकडाऊन चालू होता आणि लोणारचं पाणी चक्क गुलाबी झालं. कुणी म्हणालं शाप, कुणी म्हणालं चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला, तेव्हा खारात सुखानं राहणारे अतिसूक्ष्म जीव वाढले आणि त्यांच्या अंगच्या रंगानं पाणी रंगलं, असं निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातलं ते दुसरं. पहिलं नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर. (रामसर हे कुणा माणसाचं नाव नाही हं! ते इराणमधलं गाव. १९७१ साली पाणथळ जागांचा करार तिथे झाला.)

संध्याकाळी गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर पाहिलं. कातळात कोरलेली नक्षी अशी, की छताकडे पाहून मान दुखते पण खाली घालवत नाही. इथली कथा सांगते, की लोणासुर नावाचा दैत्य लोकांना छळायचा. विष्णूनं त्याला मारलं आणि दैत्य राहत होता तो खड्डा म्हणजे हे सरोवर. खड्डा आहे, खारट पाणी आहे, वरून आलेला तडाखाही आहे! कथा रचणाऱ्यानं भोवतालचं किती बारकाईनं पाहिलं होतं बघा.

परतताना गुण मोजले, तर सह्याद्री १४, सातपुडा १४. बरोबरी सुटावी म्हणून शेवटचा प्रश्न काढला. लोणार, लोणचं, लोणी. या तिघांत परका कोण?

सातपुड्यानं जिंकलं. लोणार आणि लोणचं हे दोन्ही 'लवण' म्हणजे मीठ या शब्दावरून आले. लोणी आलं 'नवनीत'वरून, त्याचा मिठाशी काही संबंध नाही. "कशावरून?" असं विचारायची सह्याद्रीची पाळी होती. पण तेवढ्यात मागच्या बाकावरून त्या शिष्यवृत्तीवाल्या मुलानंच मला विचारलं, "बाई, लवण म्हणजे मीठ, मग 'मीठ' शब्द कुठून आला?"

तो आला 'मिष्ट'वरून, आणि मिष्ट म्हणजे गोड! खारट वस्तूला असं गोड नाव का पडलं असेल, यावर जालना येईपर्यंत गाडीत नुसता गोंधळ चालला होता. तुमचं काय म्हणणं आहे?