कचमपुळी

मार्चमधला पहिला पाऊस पडून गेला की आठवडा-दीड आठवड्यात कोडगूतले कॉफीचे मळे पांढरे होतात. मोगऱ्याच्या जवळ जाणारा, तरी मोगऱ्याचा नव्हे असा वास धुक्यातून ओसरीवर येतो, उशीत शिरतो, केसांत राहतो. विराजपेटच्या एका सकाळी तो वास घेत बसले होते आणि राहून राहून मुत्तम्मा आठवत होत्या. चोनिरा बेळ्ळिअप्पा मुत्तम्मा. याच मातीतली लेक. नऊ वर्षांची असताना वडील गेले, आईने चार मुलांना शिकवलं, आणि १९४९मध्ये ही मुलगी भारतीय परराष्ट्र सेवेतली पहिली स्त्री अधिकारी झाली.

नोकरीत शिरताना तिच्याकडून लिहून घेतलं होतं : लग्न केलं तर राजीनामा देईन.

मी त्या कागदापाशीच अडते. पंचविशीची पोर, समोर पॅरिसची नेमणूक, सगळं जग; सही करताना हात थांबला असेल का? शाई वाळेपर्यंत तिने खिडकीबाहेर पाहिलं असेल का?

मग रंगून, लंडन, दिल्ली. १९७०मध्ये हंगेरीत राजदूत. सेवेतूनच त्या पदावर पोचलेली पहिली स्त्री. तरीही पुढची बढती अडली तेव्हा त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९मध्ये सेवेच्या नियमांतला भेदभाव उघड शब्दांत नोंदवला. विवाहाआधी सरकारची लेखी परवानगी फक्त बाईनेच का घ्यायची, हा प्रश्न अखेर कुणीतरी मोठ्याने विचारला.

तेव्हा त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या. अविवाहित.

पुढे त्यांनी सहलेखिकेबरोबर कोडवा स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं, हे मला फार जवळचं वाटतं. विराजपेटला त्याच दुपारी जेवताना घरच्या आजींनी माझ्या तळहातावर कचमपुळीचा थेंब टाकला. आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ. टोपलीत रचून गळू दिलेला त्याचा रस आटवत आटवत काकवीसारखा दाट, काळाभोर करतात. जिभेवर ठेवला आणि डोळ्यांत पाणी आलं. मग दिसू लागलं बुडापेस्टमधलं एक स्वयंपाकघर : बाहेर डॅन्यूबवर संध्याकाळ, दिवसभराच्या सह्या उरकलेला एक हात फडताळ उघडतोय, मागे सरकलेली छोटी बाटली चाचपतोय.

बूच निघतं. घरभर कोडगू.