राहिलेली मुलं

पुण्यातल्या मराठी शाळा जूनच्या पावसाबरोबर उघडतात. आमच्या आंतरराष्ट्रीय शाळेचं वर्ष ऑगस्टात सुरू होतं. तोवर शेजारच्या शाळेतल्या वह्यांचे कोपरे दुमडलेले असतात, मैदानाच्या कडेचा टाकळा गुडघ्यापर्यंत आलेला असतो, आणि आम्ही मात्र भिंतीवर कोरे रंगीत कागद चिकटवत असतो. मला हा काळ फार आवडतो. मुलं येण्याआधी मी रिकाम्या वर्गात बसून नव्या यादीतली नावं मोठ्यानं म्हणते. जिभेला वळण लागेपर्यंत म्हणत राहते.

यादीतल्या प्रत्येकाचं साल वेगळ्या ठिकाणी तुटलेलं असतं. कोरियात शाळा मार्चमध्ये सुरू होते, जपानमध्ये एप्रिलमध्ये, ब्राझीलमध्ये फेब्रुवारीच्या सुमारास. सोलहून आलेली मुलगी इयत्तेचे काही महिने तिथे शिकून आलेली असते. इथे तिला तीच इयत्ता पुन्हा पहिल्या धड्यापासून काढावी लागते, नाहीतर राहिलेले धडे सोडून पुढच्या वर्गात बसावं लागतं. आपण ऑगस्टात सगळ्यांना एकाच सकाळी 'हॅपी न्यू इयर' म्हणतो, पण ती सकाळ त्यांच्यापैकी किती जणांसाठी खरोखर वर्षाची पहिली असते?

जिनिव्हात १९२४ मध्ये अशी शाळा निघाली तेव्हाही प्रश्न घरगुतीच होता. राष्ट्रसंघात आणि आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयात नोकरीला आलेल्या माणसांच्या मुलांनी शिकायचं कुठे? जगाच्या शांततेचं स्वप्न त्या शाळेनं मनापासून पाहिलं, पण मुलं तिथे पोचली ती आईवडलांच्या नोकरीमुळे. आजही तसंच आहे. चाकणला, तळेगावला, रांजणगावला कारखान्यात बदली होते, करार दोन-तीन वर्षांचा असतो, आणि एक दिवस दप्तर घेऊन मूल माझ्या दारात उभं राहतं.

या मुलांना 'थर्ड कल्चर किड्स' म्हणतात. रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९५०च्या दशकात भारतात राहून इथल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या, त्यातून हे नाव आलं. तेव्हापासून देश बदलणाऱ्या मुलांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण ऑगस्ट आला की माझा जीव अडकतो तो दुसऱ्याच मुलांत. बाणेरच्या, औंधच्या. जी कुठेच गेली नाहीत.

नव्या मुलांच्या आया फोन करतात: तो जेवला का, बोलला का कुणाशी? राहिलेल्या मुलाच्या घरून फोन येत नाही, कारण त्याच्या घरात काही बदललेलंच नसतं. तीच खोली, तीच बस, बसमधल्या त्याच मावशी. फक्त शेजारच्या बाकावरचा मित्र जूनमध्ये कायमचा गेलेला असतो. सुट्टीत दोघं व्हिडिओ कॉल करतात, मग ते विरळ होतात. मित्र सोलला गेला असेल, तर ते आपल्यापुढे साडेतीन तास. हा संध्याकाळी खेळून, जेवून फोन हातात घेतो, तेव्हा तिकडे झोपायची वेळ टळून गेलेली असते. दर दोन-तीन वर्षांनी हेच होतं, आणि नवव्या-दहाव्या वर्षीच ते मूल नव्या मुलाकडे जरा अंतर राखून बघायला लागतं. ते मला सहन होत नाही.

अशा मुलालाच नव्याचा 'बडी' करा, त्याचंही मन रमेल, असं बैठकीत दरवर्षी कुणीतरी सुचवतं. मला ते पटत नाही. रिकाम्या जागेवर लगेच दुसऱ्याला बसवायचं, हे आपण मोठी माणसं तरी स्वतःला करू देऊ का? पहिले दोन आठवडे मी त्याला मोकळं ठेवते.

आणि पहिल्या दिवशी, नव्यांची ओळख करून देण्याआधी, गेलेल्यांची नावं घ्यायला लावते. कोण गेलं, ते कशात पटाईत होतं, त्याच्यावाचून काय अडणार आहे? राहिलेली मुलं आधी चुळबुळतात, मग एकमेकांचं बोलणं तोडत बोलायला लागतात. नवी मुलं कान देऊन ऐकतात. आपण इथून गेलो तरी आपलं नाव या खोलीत घेतलं जाईल, हे त्यांना माझ्या कुठल्याही स्वागतगीताहून लवकर कळतं.

एका वर्षी गेलेल्या गोलकीपरबद्दल बोलणं चाललं होतं. तोपर्यंत तोंडातून शब्द न काढलेल्या नव्या मुलीनं हात वर केला.

"मग आता गोलमध्ये कोण उभं राहणार?"

त्याचा मित्र तिच्याकडे बघत राहिला.

"कुणीच नाही," तो म्हणाला. "तुला येतं?"