डोल

सातारा-सांगलीकडच्या माणसाला समुद्र ठाऊक असतो तो बाजारातला. आठवडे-बाजाराच्या एका अंगाला, चपलावाल्यांच्या पलीकडे, पोत्यांची तोंडे उघडी करून बाया बसलेल्या असतात. एका पोत्यात सुकट, एकात बोंबील. मृगाआधी घरोघर याची बेगमी होते. ओढ्याला पाणी आले, वाट बंद झाली, भाजी मिळेनाशी झाली, तरी तव्यावर सुकट परतली की भाकरी पोटात जाते. कृष्णेकाठी भोई मासे धरतात, पण कोरडवाहू गावाला नदीचा ताजा मासा कुठला! त्याचा मासा म्हणजे हा वाळलेला, घाट चढून आलेला.

हा येतो कुठून, एवढे पाहायला मी एका दिवाळीच्या सुटीत वसईच्या वर अर्नाळ्याला गेलो.

तिथे डोल जाळे पाहिले. शंकूच्या आकाराचे, लांबलचक. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना त्याचे तोंड दोरांनी बांधतात आणि प्रवाहाच्या दिशेने उघडे ठेवतात. तोंडाशी आस मोठे, मागे जावे तसे बारीक, आणि शेवटी खोला. पाणी गळून जाते, मासा राहतो. पाठलाग नाही, आमिष नाही. पुनव-अवसेला उधाण आले की या माणसांना उसंत नसते. अष्टमीच्या सुमारास भांगाला पाणी मंदावले की जाळी किनाऱ्यावर येतात आणि विणकाम निघते. मुंबईपासून वर गुजरातेपर्यंत भरती-ओहोटीतले अंतर मोठे, पाण्याला ओढ जबर. खाली रत्नागिरीकडे ती तितकी नाही. या जाळ्याचे राज्य उत्तरेला का, याचे उत्तर त्यात आहे.

खुंटाची जागा घराण्याची. बापाकडून मुलाकडे जाते. वर नुसते पाणी. बांध नाही, सातबारा नाही, तरी कोणाचा खुंट कुठे हे सगळ्या वाड्याला तोंडपाठ. आमच्याकडे कागदावर नकाशा असून भावाभावांत कोर्ट चालते.

तांडेलाने मला होडीत घेतले. पाणी फिरण्याच्या आत जाळे उपसायचे, नाहीतर हाताशी आलेले उलट्या ओढीने निसटते. खोला रिकामा झाला, तेव्हा होडीत बोंबील, मांदेली, करंदी आणि जवळा यांचा चमकता ढीग पडला.

"मास्तर, आमी मासा धरत नाय," तो म्हणाला, "पानी धरतो."

बोंबलात बहुतेक पाणीच. ताजा तो फार लांब जात नाही. बाया दोघा-दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांना बांबूच्या वलांडीवर टांगतात. दोन-तीन दिवस कडक ऊन लागते. मधेच अवकाळी सर आली की सारा माल कुजला. ही धास्ती आम्हांला समजावून सांगायला नको. तासगावकडे बेदाणा सुकत असतो, तेव्हा ढग दिसताच माणसे अशीच आभाळाकडे बघतात.

यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, ती यांना जड नाही. नारळी पुनवेआधी दर्यात जायचे नाही ही रीत जुनीच आहे. जड आहे ते वेगळेच. ट्रॉलर येतो, तळ खरवडतो, जाताना दोरही तोडून नेतो. वर डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध कित्येक वर्षांचा. मासा कमी झाला तर ट्रॉलर पुढच्या पाण्यात जाईल. खुंट कुठे जाणार?

पण डोल निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. खोल्याचे आस इतके बारीक, की त्यात पापलेटाची, बोंबलाची पिलेही येतात. आस मोठे करा, असे शास्त्रज्ञ सांगतात आणि ते खरे आहे. मी तसे बोलून दाखवले. तांडेलाची आई वलांडीखाली बसली होती. तिने चिमूटभर जवळा तळहातावर घेतला.

"ह्यो वाडून मोठा व्हनार हाय का?"

जवळा इंचभरच. त्याचे मोठेपण तेवढेच. आस मोठे केले, तर तो राहणार कशात?

"जवल्याचं येगलं जालं करू, बोंबलाचं येगलं," तांडेल म्हणाला. "पन दोन जाल्यांना पैसा कोन देल?"

उत्तराला तो थांबला नाही. पाणी फिरायला आले होते.