एवढेसे विमान

यंदा आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही ग्वाल्हेरहून दिल्लीला, पालमचे वायुसेना संग्रहालय पाहायला गेलो. डोक्यावरून लढाऊ विमाने जाण्याची सवय असलेली आमची मुले तिथल्या नॅटपाशी मात्र थबकली. "सर, एवढेसे विमान?" १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर सहा सेबर विमाने चालून आली, तेव्हा निर्मलजितसिंग सेखों अशाच नॅटमधून त्यांना भिडले व शहीद झाले. वायुसेनेतील एकमेव परमवीरचक्र त्यांचेच. त्यांचा देह सापडला नाही, हे सांगताच एका मुलीने विचारले, "मग त्यांच्या आईला ते खरे वाटले असेल?"

इतकी वर्षे शिकवूनही मला उत्तर देता आले नाही. पालकहो, हा प्रश्न मुले घरीही विचारतील. घाईने उत्तर देऊ नका. जरा त्यांच्याजवळ बसा.