कपाशीचे पान आणि दातेरी पट्टा

आमच्या अजिंठा गावाला सारे जग लेण्यांमुळे ओळखते. पण पावसाळ्यात आमच्या घरात चर्चा असते ती कपाशीची. यंदा पानांवर पांढरी माशी दिसली. बाबा म्हणाले, "उद्याच फवारा मारू." आजोबा म्हणाले, "आधी मोजा तरी! औषध काय फुकट येतं?"

मोजणे सोपे नाही. मोठी माशी उडून जाते. तिची पिल्ले पानाखाली चिकटून बसतात, पण ती इतकी बारीक की भिंगातून पाहताना कुठवर मोजले तेच कळत नाही. म्हणून मी पान मापाने सरकवणारा पाट करायचे ठरवले.

सिल्लोडच्या भंगारवाल्याकडे बिघडलेला प्रिंटर सत्तर रुपयांना मिळाला. त्यातला पोलादी दांडा, दोन चाके आणि दातेरी पट्टा काढला. दांड्यावर सरकेल अशी फळी बसवून ती चिमट्याने पट्ट्याला जोडली. मोटारीऐवजी हाताची मूठ लावली.

माय म्हणाली, "माझ्या मशीनचा जुना पट्टा घे की." पण तो गुळगुळीत. गिरणीचा पट्टाही तसाच. जात्यात काही अडकले तर तो घसरतो आणि मोटार वाचते. आमच्या पाटाला घसरून चालत नाही, नाहीतर माप गेले! गंमत म्हणजे दातेरी पट्टा निघाला तो शिलाई मशीनसाठीच, १९४० च्या दशकात, अमेरिकेत. वरची सुई आणि खालचा हुक यांचा मेळ चुकू नये म्हणून. हे ऐकून माय खूश झाली.

मोजपट्टीवर दहा दात २० मिलिमीटर भरले. चाकाला २० दात, म्हणजे एका फेऱ्यात पाट ४० मिलिमीटर सरकतो. मुठीमागे पुठ्ठ्याची चकती लावून तिच्यावर ४० रेघा आखल्या. एक रेघ, एक मिलिमीटर! पट्टा सैल असला तर दात सुटतात, फार ताणला तर मूठ जड जाते. बेताचा ताण सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. मूठ उलटी फिरवली की थोडी ढिलाई येते, म्हणून रेघेवर नेहमी एकाच बाजूने यायचे.

भिंगाखाली १० मिलिमीटरची चौकोनी खिडकी कापलेला पुठ्ठा आहे. दहा रेघा फिरवायच्या, खिडकीत दिसतील ती पिल्ले वहीत मांडायची. ओळ संपली की पान हाताने पुढे सारायचे. या दुसऱ्या दिशेसाठी आणखी एक प्रिंटर लागेल.

रविवारी नऊ पाने मोजली. आकडा कृषी सहायकांनी सांगितलेल्या मर्यादेच्या आत निघाला. बाबांनी औषध अजून आणलेले नाही. गुरुवारी पुन्हा नऊ पाने मोजायची आहेत, आणि मूठ फिरवायला आजोबा बसणार आहेत.